कोंबडी कानाला लावणारा

दत्ता,

तुझ्या शोकसभेत मी सहाव्या रांगेत बसलो आणि रुमालात तोंड खुपसून हसलो. शेजारच्या बाईंना वाटलं, गृहस्थ फार हळवे दिसतात. त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. मी ती अर्धी संपवली. लातुरात कुणी आपण होऊन पाणी देत असेल तर नाही म्हणू नये, एवढी अक्कल मला आहे.

हसू नको तर काय करू? मंगल कार्यालयाच्या दारात तुझा दोन माणसं उंचीचा फ्लेक्स. त्यात तुला इतका गोरा केला होता की दुसऱ्याच कुणाच्या सभेत शिरलो असं समजून मी आधी परत फिरलो होतो. ओठ गुलाबी. खाली सोनेरी अक्षरांत ‘जीवशास्त्राचा ज्ञानसूर्य’. ज्याला तीस वर्षांत शर्टाची बटणं सरळ लावता आली नाहीत, वरचं बटण खालच्या काजात आणि सगळा माणूस तिरका, तो म्हणे सूर्य.

मग भाषणं. सरांमुळे मी डॉक्टर झालो. सरांमुळे माझी दोन्ही लेकरं डॉक्टर झाली. एक जण तर म्हणाला, सर नसते तर मराठवाड्यात नाडी बघायला माणूस उरला नसता. शेवटी तुझ्या क्लासचा व्यवस्थापक उठला आणि म्हणाला, “सर नेहमी सांगायचे, चुकीच्या उत्तराला माफी नाही.”

इथे माझा रुमाल पुरला नाही. तू, आणि चुकीचं उत्तर.

दीड तास चाललं ते. त्या दीड तासात एकाही माणसाने कोंबडीचं नाव काढलं नाही.

परत येताना मुक्ता गाडी चालवत होती. माझी लेक, पण लाड तुझ्याकडून करून घ्यायची. चाकूर मागे पडल्यावर म्हणाली, “बाबा, काका एकदा म्हणाले होते, तुझ्या बापाला विषाणू-जिवाणूवरून कधी चिडवू नकोस, त्याला ते फार लागतं.”

“असं म्हणाला का?”

“मी विचारलं, का लागतं. तर म्हणाले, ते त्यालाच विचार.”

“मग?”

“मग विचारतेय.”

अहमदपूर आलं होतं. मी म्हणालो, चहा घेऊ. चहा झाला, भजी झाली, हॉटेलवाल्याची मी अशी नक्कल केली की मुक्ताला ठसका लागला. गाडी सुरू करताना ती म्हणाली, “झाली नक्कल? आता सांगा.” मी झोपेचं सोंग घेतलं. लोह्यापर्यंत मी जे घोरलो ते माझ्या कारकिर्दीतलं उत्तम काम होतं, आणि ते बघायला फक्त एकच प्रेक्षक, तोही न फसलेला.

पुढचे आठ दिवस मी टाळलं. तिने परत विचारलं नाही. फक्त बघायची. आपण इनक्युबेटरमधलं अंडं दिव्यासमोर धरून बघायचो ना, आत जीव आहे की नुसतं पाणी, तशी. नवव्या दिवशी मी तोंड उघडलं. ते कसं उघडलं आणि काय बाहेर पडलं, ते सांगतोच. पण त्याआधी मला तुझ्याशी एकदा शेवटचं भांडून घेऊ दे. तू मध्ये बोलणार नाहीस ही पहिलीच वेळ आहे, आणि ती मी सोडणार नाही.

संशोधक म्हणून तू गबाळा होतास. हे कुणीतरी तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. मी सांगायचो, पण तू तेव्हा खात असायचास. नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्याला, माळावर, पत्र्याचं छप्पर असलेली ती आपली कोंबड्यांच्या रोगांची प्रयोगशाळा. पीएच.डी. करणारे दोन शिकाऊ, तू आणि मी. एक साहेब. एक पंखा, तो साहेबांच्या खोलीत. आपल्या वाट्याला इनक्युबेटरची ऊब.

विषाणू काही भाकरीच्या तुकड्यावर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात, म्हणून आपण अंड्यांत वाढवायचो. लस दिलेल्या कोंबडीच्या अंड्यात आधीच प्रतिकारशक्ती उतरलेली असते, त्यामुळे अंडी हवीत खेड्यातली, गावरान, सुई न बघितलेल्या कोंबड्यांची. ती आणायला तू धर्माबादकडे जायचास आणि येताना अर्धी फोडून आणायचास. उरलेल्यांतली जी वांझ निघायची, ती तू उकडून खायचास. हप्ताभर उबेत ठेवलेलं अंडं, दत्ता. मी तुझ्या जिवंत राहण्याकडे शास्त्रीय कुतूहलाने बघायचो.

आणि ते कान लावणं. आजारी कोंबडी समोर आली की मी वही काढायचो, वय, वजन, विष्ठेचा रंग, मान वाकडी आहे का, चोच उघडून श्वास घेते का. तू आधी ती उचलायचास, उलटी सुलटी करायचास आणि तिची छाती कानाला लावून डोळे मिटायचास. जणू विविधभारती लागलीय. मी म्हणायचो, “अरे, खुरखुर सर्दीची असो, जिवाणूची असो नाहीतर रानीखेतच्या विषाणूची असो, कानाला सारखीच. कानाने निदान होत नाही.” तू म्हणायचास, “निदान कुठं करून राहिलो? ऐकून राहिलो.” हे वाक्य मी आयुष्यभर तुझी टिंगल करायला वापरलं. लग्नात, बारशात, प्रत्येक मैफिलीत. लोक हमखास हसायचे.

मग भूकंप झाला.

त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. त्यावर बोलणारे खूप झाले. पत्र्याच्या शेडांची गावं उभी राहिली, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एका संस्थेने बायकांना कोंबडीची पिल्लं वाटली. जोडधंदा म्हणून. सुधारित जातीची, पिवळी, गोंडस. लस देऊन वाटली, असा दाखला होता, आणि दाखल्यावर आपल्या साहेबांची सही. महिन्याभरात पिल्लं धापा टाकायला लागली. साहेबांनी आपल्याला जीपने पाठवलं.

गयाबाई तिथे भेटली. चाळिशीची, काटक, घरातली किती माणसं गेली ते तिने सांगितलं नाही आणि आपल्याला विचारायची छाती झाली नाही. तापलेल्या पत्र्याखाली तिची पिल्लं माना मुरगाळून पडलेली. तू एक उचललंस आणि कानाला लावलंस. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, “काय म्हणती ओ डाक्टर? लागला का फोन?”

“लागला की,” तू म्हणालास. “म्हणती, उकडतंय लई.”

त्या शेडांत मी पहिल्यांदा हसणं ऐकलं होतं. मी तेव्हा वहीत विष्ठेचा रंग लिहीत होतो. हिरवा.

गयाबाई हसली नाही. ती तुला म्हणाली, “माणसं गेली तवा कशानं गेली ते कुणाला इचारावं लागलं न्हाई. समद्यांला ठाव व्हतं. ही कशानं गेली तेवढं सांगा. पुन्यांदा पिल्लं देऊन राहिलेत म्हनं. घ्यावी का न्हाई, ते कळंल.”

“सांगतो मावशी,” तू म्हणालास. “तपासून सांगतो.”

तो तुझा सगळ्यात मोठा गाढवपणा होता. कारण मी जीपच्या ड्रायव्हरशी गप्पा मारल्या होत्या. गप्पा मारणं हे माझं खरं शास्त्र. तो म्हणाला, पिल्लं वाटायला आलो त्या दिवशी ऊन काय होतं साहेब, लशीच्या डब्यातला बर्फ बघून राहवलं नाही. लशीच्या बाटल्या काढून टपावर ठेवल्या आणि डब्यात टरबूज गार केलं. सगळ्यांनी खाल्लं, साहेबांनीसुद्धा. लस मग दिली की, थेंब थेंब, प्रत्येकाच्या नाकात.

उन्हात तापून मेलेली लस. मेल्या पाण्याचे थेंब. मी तुला परतीच्या वाटेवर सांगितलं तेव्हा तू हसला नाहीस. मला वाटलं, किस्सा नीट रंगला नाही.

प्रयोगशाळेत आपण नमुने अंड्यांत टोचले, गर्भ मेले, आतलं पाणी काढलं, आणि खळगे असलेल्या त्या प्लेटमध्ये कोंबडीच्या रक्तपेशींबरोबर मिसळलं. विषाणू नसेल तर पेशी तळाशी गोळा होऊन लाल ठिपका बसतो. असेल तर पेशी एकमेकींना धरतात आणि तळावर पातळ चादर पसरते. तू ठिपक्याला टिकली म्हणायचास. त्या दिवशी एकाही खळग्यात टिकली नव्हती. रांगेत सगळीकडे चादर. मग आपण रानीखेतच्या विरोधातलं सीरम, जे फक्त त्याच विषाणूला अडवतं, ते घालून परत केलं, आणि चादरी गोळा होऊन टिकल्या परत आल्या. ज्याला डोळे आहेत त्याला दिसावं इतकं स्वच्छ. रानीखेत. गावाकडे जिला मानमोडी म्हणतात ती. विषाणू.

तू प्लेट घेऊन साहेबांच्या खोलीत गेलास. मी तुझ्या मागे.

साहेबांनी प्लेटकडे बघितलं नाही. म्हणाले, “दत्तात्रय, लस दिल्याचा दाखला माझ्या सहीचा आहे. लस दिलेल्या पिल्लाला रानीखेत कसा होईल?”

“लस डब्याबाहेर तापली साहेब. डब्यात टरबूज होतं.”

“काही जिवाणूसुद्धा पेशी चिकटवतात.”

“सीरम घातल्यावर टिकली परत आली ना.”

“टिकली बायका लावतात. अहवालात बटन म्हणतात.” मग त्यांनी अहवालाचा कागद पुढे सरकवला. आधीच टंकलेला होता. जिवाणूजन्य श्वसनविकार. उपाय, पाण्यातून पावडर. “तपासणाऱ्याची सही इथे.”

“मी गयाबाईला सांगतो म्हणालोय,” तू म्हणालास.

“कोण गयाबाई?”

तू प्लेट त्यांच्या नाकाखाली धरायला गेलास आणि अर्थातच तुझा हात हलला. चादरी, टिकल्या, सगळं त्यांच्या फायलीवर सांडलं. पुरावा स्वतःच्या हाताने सांडणारा तू जगातला एकमेव संशोधक असशील. साहेब शांतपणे म्हणाले की तुझी पीएच.डी. आता कुणाकडे होते ते बघू. तू पेन टेबलावर ठेवलंस, तेही कुणाचं होतं कोण जाणे, आणि बाहेर पडलास.

अहवाल गेला. गावोगाव पावडर वाटली. पावसाळ्यानंतर पिल्लांची दुसरी खेप गेली, त्याच जीपने, त्याच डब्यातून, कारण अहवालानुसार लशीत काही दोष नव्हताच. तीही मेली.

आणि तू लातूरला गेलास. सुरुवातीला एका खोलीत सायकली बाहेर लावून दहा-बारा पोरं. मग तो सगळा काळ आला, मेसचे डबे, खोल्यांचे भाव, रविवारची टेस्ट, भिंतीवर यादी, यादीखाली रडणारे बाप. तुझा क्लास चार मजल्यांचा झाला. मी येऊन बघायचो आणि मला किळस यायची. ज्या माणसाने चादर आणि टिकली बघितली होती तो आता चार पर्यायांतल्या एका गोलाला काळं कसं करायचं ते शिकवतोय. मी तुला तसं म्हणायचो, भर स्टाफरूममध्ये, साभिनय. तू ऐकायचास आणि विचारायचास, जेवलास का.

मुक्ताची दहावी झाली आणि तिला तुझ्याकडेच घालायचं ठरलं. हसू नकोस. तत्त्व वेगळं आणि लेकीची वैद्यकीय सीट वेगळी, असं मानणारा मी काही एकटा बाप नव्हतो. तुझी पहिली टेस्ट झाली, स्पेशल बॅच निवडायची. यादी लागली. मुक्ता एका मार्काने बाहेर. तिच्या वर, शेवटच्या जागेवर, जळकोटकडची कुणी मुलगी.

मी पेपर मागवला. सव्विसावा प्रश्न. रानीखेत हा रोग कशामुळे होतो? मुक्ताने विषाणू लिहिलं होतं. माझी लेक, दुसरं काय लिहिणार? तुझ्या छापील उत्तरसूचीत होतं, जिवाणू.

दत्ता, त्या दिवशी मी तुझ्या केबिनमध्ये जो प्रवेश घेतला तसा रंगभूमीवर कुणी घेतला नसेल. तीन पालक बसलेले होते, ते उभे राहिले. मी म्हणालो, “ज्यासाठी तू पीएच.डी. सोडलीस, ज्यासाठी साहेबांच्या फायलीवर रक्त सांडलंस, तेच तुझ्या सूचीत चूक? दुरुस्त कर.”

“छपाईची चूक आहे,” तू म्हणालास. “पण यादी लागलीय. यादी तशीच राहील.”

“एका मार्कासाठी विषाणूचा जिवाणू करतोस? लाज वाटत नाही? इतकं खोटं लिहून लोकांना झोप कशी लागते?”

तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ. तुझं तोंड किंचित उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणशील. तू म्हणालास, “चहा घे.”

मी चहा घेतला नाही. त्यानंतर आठ वर्षं मी तुझ्याकडे चहा घेतला नाही. मुक्ताने साध्या बॅचमध्ये दोन वर्षं काढली, मार्क बेताचे पडले, भूगोल घेतला, आता शाळेत शिकवते. मी सगळ्यांना सांगत फिरलो की माझ्या मुलीची सीट दत्ताने खाल्ली. तुझं नाव मी ‘जिवाणू सर’ ठेवलं होतं. ते तुझ्यापर्यंत पोचलं होतं हे मला माहीत आहे, कारण पोचवायची व्यवस्था मीच केली होती.

हे झालं माझं भांडण. आता नववा दिवस.

मी मुक्ताला म्हणालो, “विचारत होतीस ना? तुझ्या काकाने तुझं आयुष्य एका मार्कासाठी बिघडवलं, म्हणून मला लागतं.” छान आवाज लावला होता मी. ती भाजी निवडत होती. देठ बाजूला ठेवून म्हणाली, “बाबा, यादी लागली त्या दिवशी काकांनी मला बोलावलं होतं. तुमच्या आधी. म्हणाले, तुझं उत्तर बरोबर, माझी सूची चूक. जळकोटच्या पोरीने जिवाणू लिहिलंय, यादी बदलली तर तू वर जातेस आणि ती खाली येते. तिच्या वडिलांनी गावात पेढे वाटलेत. नाहीतर एक बाक वाढवतो, दोघीही बसा. काय करू?”

“मग?”

“मी म्हटलं, बाकही नको. मला त्या बॅचमध्ये जायचंच नाही. मला डॉक्टर व्हायचं नाही. फक्त बाबांना सांगू नका. ते म्हणाले, नाही सांगत.”

“आणि सूची?”

“दुसऱ्या दिवशी पूर्ण तास रानीखेतवर घेतला त्यांनी. फळ्यावर कोंबडी काढली, ती बदकासारखी दिसत होती. म्हणाले, सूचीतलं उत्तर माझी चूक आहे, विषाणू लिहून घ्या, आणि यादी तशीच राहील, त्याचा दोष माझा.”

मी तिच्या पुढ्यातली भाजी ओढली आणि देठांऐवजी पानं बाजूला ठेवायला लागलो.

तू दोन गोष्टी गिळल्यास, हरामखोरा. एक माझ्या लेकीची. ती गिळलीस ते ठीक, शब्द दिला होतास. पण दुसरी? मी तुझ्या केबिनमध्ये तीन पालकांसमोर विचारत होतो की खोटं लिहून झोप कशी लागते, आणि तुझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. एका वाक्याचं होतं. मला तिथल्या तिथे जमिनीत गाडता आलं असतं. तू म्हणालास, चहा घे.

ते वाक्य शेवटी मलाच म्हणावं लागलं. मी मुक्ताला म्हणालो, “त्या अहवालावर तपासणाऱ्याची सही माझी आहे.”

तू बाहेर पडलास, पेन टेबलावर होतं, मी ते उचललं आणि जिवाणूजन्य श्वसनविकाराच्या खाली नाव लिहिलं. अक्षर सुंदर आलं होतं. तुझी जागा मला मिळाली, पीएच.डी. मला मिळाली, पुढे नोकरीही त्याच सहीवर उभी राहिली. दुसरी खेप मेल्याचं कळलं त्या दिवशी मी रजा टाकून सिनेमाला गेलो होतो. हे मी आजवर कुठल्याही मैफिलीत सांगितलेलं नाही. लोक हसले नसते.

मुक्ताने सगळं ऐकलं. मला वाटलं, रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या बाबा, जुनी गोष्ट. ती म्हणाली, “आणि त्या बाईला कुणी सांगितलं?”

“दत्ताने सांगितलं असेल.”

“तुम्ही?”

रविवारी तिने गाडी काढली.

पत्र्याची शेडं कधीच गेली. आता सरळ रेषेत आखलेलं गाव आहे, घरं सगळी सारखी, म्हणून तीन ठिकाणी विचारावं लागलं. गयाबाई दारात सावलीला बसली होती. सत्तरीची, अजून काटक, अंगणात पाच-सात कोंबड्या. मी म्हणालो, “मावशी, भूकंपानंतर पिल्लं मेली होती तेव्हा आम्ही नांदेडहून आलो होतो. तपासायला.”

तिने कपाळावर हात धरून बघितलं आणि तिचा सगळा चेहरा उजळला. “आगं बया. कोंबडी कानाला लावनारा तूच न्हाई का? लई आठवन काढतो आम्ही. कागद काय बी सांगू दे, मानमोडीच हाय, दुसऱ्या खेपंची पिल्लं घिऊ नगा, म्हनून यष्टीनं सांगाया आला व्हतास. मी घेतली न्हाईत. ज्यांनी घेतली त्यांची मेली.”

दत्ता, त्या क्षणाला मी काय होतो ते तुला सांगतो. मी नट आहे, आणि माझ्या पुढ्यात आयुष्यातली सगळ्यात चांगली भूमिका आयती येऊन पडली होती. म्हातारीला दिसत कमी होतं. फक्त मान हलवायची होती. ती मला चहा देणार होती, शेजाऱ्यांना हाका मारणार होती, मी तुझा आवाजसुद्धा काढू शकलो असतो, तो मला तुझ्यापेक्षा चांगला येतो.

मुक्ता गाडीला टेकून बघत होती. दिव्यासमोर अंडं धरलेलं होतं.

“नाही मावशी,” मी म्हणालो. “तो दत्ता. तो गेला, पंधरा दिवस झाले. मी दुसरा. वहीत लिहीत होतो तो.”

“वहीवाला?” ती आठवायला लागली. तिला काही मी आठवेना.

“तुम्ही म्हणता त्या कागदावर सही माझी होती. खोटी होती. मला तेव्हाच माहीत होतं.”

 ती म्हणाली, “तो गेला का.” आणि पदराने डोळे पुसले, तुझ्यासाठी. माझ्याबद्दल तिने एक शब्द काढला नाही. दया दाखवली नाही, शिवी दिली नाही. मी तिथे उभा होतो आणि ती तुझ्यासाठी रडत होती, ज्ञानसूर्यासाठी नाही, तिरक्या शर्टाच्या गबाळ्यासाठी. तुझ्या शोकसभेतलं खरं भाषण ते होतं, आणि त्याला फ्लेक्स नव्हता.

मग ती उठली. खुराड्यातून एक तांबडी कोंबडी काढली आणि माझ्या हातात कोंबली. “आलाच हाईस तर हिला बघ. दोन दिस झाले, खुरखुर करती.”

मी खिशात वही चाचपली. वही नव्हती. वय विचारावं, विष्ठा बघावी, चोच उघडून बघावी, हे सगळं मला येतं. मी त्यातला मोठा माणूस आहे. मी कोंबडी उलटी सुलटी केली आणि तिची छाती कानाला लावली. मुक्ताकडे बघायचं धाडस झालं नाही, म्हणून डोळे मिटले.

आत खुरखुर होती. बारीक, थांबून थांबून. विषाणूची की जिवाणूची ते कानाला अजिबात कळत नाही. मी तुला हजारदा सांगितलं होतं, आणि माझंच बरोबर होतं. पिसं कानात गेली. वास यायचा तो आला. तरी मी कान काढला नाही.

“काय म्हणती?” गयाबाईने विचारलं.

“नमुना घेतो,” मी म्हणालो. “तपासून सांगतो. मी स्वतः येऊन सांगतो.”

तुझंच वाक्य होतं, गाढवा. मला दुसरं सुचलं नाही.